जुने गोवे का ओस पडले?

गोव्याची सहल करून आलेल्या विद्यार्थ्यांना ‘तेथे काय पाहिले?’ असे विचारले, तर समुद्रकिनाऱ्यांच्या खालोखाल जुन्या गोव्यातील चर्चचे नाव येते. गेल्या सहलीत आमच्याबरोबर असलेल्या एका विद्यार्थिनीने मात्र बसमध्ये चढता चढता निराळाच प्रश्न विचारला. ‘‘सर, एवढी मोठमोठी चर्च बांधली, पण ती ज्यांच्यासाठी बांधली ती माणसे राहत कुठे होती? आसपास घर तर एकही दिसत नाही!’’ बस सुटायची घाई होती, त्यामुळे मी ‘साथ आली आणि शहर उठून गेले’ एवढेच उत्तर देऊन वेळ मारून नेली. उत्तर खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते. कोणती साथ? ती त्याच शहराच्या मुळावर का आली? आणि ज्यांनी शहर सोडले त्यांना आपण कशापासून पळत आहोत हे तरी ठाऊक होते काय? या प्रश्नांचा मागोवा घेताना वाट शेवटी आपल्याच गावात, सिकंदराबादेत येऊन पोहोचते. म्हणूनच हा विषय या अंकासाठी निवडला.

प्रथम जागेविषयी थोडेसे. मांडवी नदीच्या दक्षिण तीरावर, तिसवाडी बेटावर एला नावाची वस्ती होती. कदंब राजांची जुनी राजधानी याच बेटावर, पण दुसऱ्या अंगाला जुवारीच्या काठी होती. तिचे बंदर गाळाने भरत गेले आणि व्यापार मांडवीकाठच्या एलेकडे सरकला. १४७२ मध्ये बीदरच्या बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याने गोवा जिंकले. पुढे ते विजापूरच्या आदिलशाहीकडे आले आणि एला हे अरबी घोड्यांच्या व्यापाराचे मोठे ठाणे बनले. (कदंबांच्या त्या जुन्या जागेला आज ‘गोवा वेल्हा’ म्हणतात आणि आपल्या विषयाच्या शहराला ‘वेल्हा गोवा’. दोन्ही नावांचा अर्थ एकच, ‘जुने गोवा’. पाट्या वाचणाऱ्या प्रवाशाची येथे हमखास फसगत होते.)

१५१० साली आफोंसो द आल्बुकेर्क याने एला घेतले. वर्षाच्या आरंभी घेतलेले शहर त्याला मे महिन्यात सोडावे लागले, पण २५ नोव्हेंबरला त्याने ते पुन्हा जिंकले आणि मग ते साडेचारशे वर्षे पोर्तुगिजांच्याच हाती राहिले. आशियात पोर्तुगिजांनी केवळ वखार न थाटता घरेदारे करून, लग्ने लावून, पिढ्यान्‌पिढ्या राहण्याच्या हेतूने वसवलेले हे पहिले मोठे शहर होय. १५३० मध्ये कोचीनहून राजधानी येथे हलविण्यात आली. मोझांबिकपासून मकावपर्यंत पसरलेल्या साम्राज्याचा कारभार या नदीकाठावरून चाले. शहराची भरभराट झाली तेव्हा लोकसंख्या दोन लाखांपर्यंत गेली होती असे म्हणतात. हा आकडा थोडा फुगवलेला धरला, तरी त्या काळच्या युरोपातील कित्येक राजधान्यांशी त्याची तुलना होऊ शकते. ज्याने गोवा पाहिले त्याने लिस्बन पाहिले नाही तरी चालेल, अशी म्हणच रूढ झाली होती.

या वैभवाला पहिला जबर धक्का बसला तो १५४३ मध्ये. माणसाला एकाएकी उलट्या आणि जुलाब सुरू होत, हातापायांत गोळे येत, डोळे खोल जात आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस सायंकाळी मरून पडे. वर्णनावरून हा कॉलराच दिसतो. गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज बखरकाराने त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. मृत्यूंची संख्या इतकी वाढली की मृतांसाठी चर्चच्या घंटा वाजविण्यास गव्हर्नरने मनाई केली. दिवसभर चालणाऱ्या त्या घंटानादाने जिवंत माणसांचाही धीर खचत होता. रोग कोठे बसतो ते कळावे म्हणून एका मृताचे शरीर उघडून पाहण्याची आज्ञाही त्याने दिली.

त्या रोगाचे जे नाव या लोकांनी नोंदविले, ते मराठी वाचकाने कान देऊन ऐकावे असे आहे. कोर्रेया त्याला ‘मोरिक्सी’च्या जवळपासचे काहीतरी म्हणतो. गार्सिया द ऑर्ता हा विद्वान वैद्य तेव्हा गोव्यात राहत होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्याने उपचार केले होते. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथात त्याने या रोगाचे वर्णन केले आणि देशी नाव ‘मोर्शी’ असे दिले. लिन्स्कोटेन हा डच प्रवासी त्याला ‘मोर्देशीन’ म्हणतो. हे सारे शब्द म्हणजे आपली ‘मोडशी’! मोडणे या धातूपासून आलेली, माणसाला मोडून टाकणारी. पुढे फ्रेंचांनी याच शब्दाचे ‘मोर द शियें’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे करून टाकले आणि मग युरोपातील मंडळी रोगाच्या त्या भयंकर नावाचा खुलासा करीत बसली. आज घरात मोडशी झाली म्हटले की आजीबाई आल्याचा रस काढायला बसतात. याच शब्दाने एके काळी राजधानीतील घंटा बंद पाडल्या होत्या, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

कॉलरा येई आणि जाई. ताप मात्र मुक्कामालाच होता. त्याचा हिशेब पाहावयाचा तर राजाच्या इस्पितळात डोकावले पाहिजे. हे इस्पितळ आल्बुकेर्कने सुरू केले आणि पुढे ते जेझुइटांच्या व्यवस्थापनाखाली आले. १६०८ साली पिरार द लाव्हाल हा फ्रेंच माणूस आजारी अवस्थेत तेथे दाखल झाला होता. तेथील स्वच्छ बिछाने, चांदीची भांडी आणि रोग्यांची बडदास्त यांचे वर्णन करताना त्याला शब्द अपुरे पडतात. जगात याहून चांगले इस्पितळ नसावे असे त्याचे मत झाले. आणि तरीही सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत या एकाच इस्पितळात सुमारे २५,००० पोर्तुगीज सैनिक मरण पावले! यांतील बरेचसे सहा-सात महिन्यांच्या समुद्रप्रवासाने आधीच अर्धमेले होऊन येत, त्यामुळे सगळे पाप शहराच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पण ज्यांना लिस्बनहून मोठ्या कष्टाने आणले तीच माणसे किनाऱ्याला लागताच मरू लागली, तर साम्राज्य चालणार कसे? चांदीच्या भांड्यांतून पथ्याचे जेवण दिले जात होते, पण रोग कोठून येतो हेच कोणाला ठाऊक नव्हते.

पिरारनंतर तीसेक वर्षांनी ताव्हेर्निये आला. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांमुळे हैदराबादकरांना परिचित असलेला तोच हा जवाहिऱ्या. १६४१ आणि १६४८ अशा त्याच्या गोव्याला दोन भेटी झाल्या. पहिल्या भेटीत ज्यांना त्याने सुखवस्तू पाहिले होते, तीच माणसे दुसऱ्या भेटीत काळोख पडल्यावर गुपचूप मदत मागायला त्याच्याकडे आली. त्या प्रसिद्ध इस्पितळाचीही रया गेली होती.

येथे इतिहासाचे विद्यार्थी माझा हात धरतील, आणि तो धरावाच. शहर केवळ रोगाने मेले असे म्हणणे हा भाबडेपणा होईल. १५६५ मध्ये विजयनगरचा पाडाव झाला आणि घोड्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक गेले. १६२२ मध्ये होर्मुझ, १६४१ मध्ये मलाक्का अशी ठाणी एकामागून एक हातची गेली. १६३७ पासून डच जहाजे वर्षानुवर्षे मांडवीच्या मुखाशी नाकेबंदी करून बसू लागली. इन्क्विझिशनच्या धाकाने व्यापारी आणि कारागीर बाहेर गेले. ज्या ऑर्ताने गोव्याचे वैद्यक जगाला सांगितले, त्याची हाडे त्याच्या मृत्यूनंतर १५८० मध्ये उकरून जाळण्यात आली, कारण तो गुप्तपणे यहुदी धर्म पाळत होता असे ठरले. तेव्हा कारणे अनेक होती. परंतु माझे मत असे की, व्यापार बुडाला तर शहर गरीब होते, लहान होते, पण ते उठून जात नाही. विजापूर गरीब झाले तरी माणसे तेथेच राहिली. आपला गोवळकोंडा पडला तरी हैदराबाद ओस पडले नाही. गोव्याच्या बाबतीत राज्यकर्ते तेच होते, बंदर तेच होते, नदी तीच होती, आणि तरीही जागा सोडावी लागली. याचा उलगडा रोगावाचून होत नाही.

सोडणे मात्र एका दिवसात झाले नाही. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांनी शहरालगतचे जुवे बेट घेतले, तेव्हा व्हाइसरॉयची पाचावर धारण बसली. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपुढे त्याने आपला राजदंड ठेवून शहर वाचविण्याची विनवणी केली. संकट टळल्यावर त्याने राजधानी मुरगावला हलविण्याचा निर्णय घेतला. तेथे बांधकामही सुरू झाले, पण ते वर्षानुवर्षे रेंगाळले आणि अठराव्या शतकाच्या आरंभी सोडून देण्यात आले. इकडे १६९५ मध्ये व्हाइसरॉयने नदीकाठचा किल्लेवजा राजवाडा सोडून रायबंदराच्या वाटेवरील पाणेली या उपनगरात मुक्काम हलविला. राजाच हलला म्हटल्यावर सरदार आणि सावकार कशाला राहतात? १७५९ मध्ये पाणेलीही सोडून तो पणजीला, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात राहावयास गेला. १७७५ च्या सुमारास मूळ शहरात अवघी सोळाशे माणसे उरली होती.

तरीही लिस्बनची हौस फिटली नव्हती. पोंबालच्या आज्ञेने १७७७ च्या आसपास जुने शहर पुन्हा उभारण्याचा घाट घातला गेला. ढिगारे उपसण्यास मजूर लावले आणि ते मजूरच इतक्या संख्येने आजारी पडून मरू लागले की काम थांबवावे लागले. हे मजूर कोण होते, कोणत्या गावचे होते, त्यांना मजुरी तरी काय मिळे? चर्चच्या फरशीवर कोरलेल्या नावांत त्यांचे नाव शोधून सापडणार नाही. १८२० मध्ये व्हाइसरॉयचा राजवाडा पाडण्याचा हुकूम सुटला. जुन्या इमारतींचे दगड पणजीच्या नव्या बांधकामात गेले. १८३५ मध्ये धर्मसंघ बरखास्त झाले आणि मठही रिकामे पडले. १८४२ मध्ये सेंट ऑगस्टीनच्या चर्चचे छत कोसळले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लोक पळाले ते कशापासून? त्यांचे उत्तर एकच होते, वाईट हवेपासून. कुजक्या पाण्यातून दूषित वाफा निघतात आणि त्या अंगात शिरून ताप येतो, अशी समजूत सर्व जगात होती. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी वाईट हवा. ही समजूत अगदीच टाकाऊ नव्हती हे लक्षात ठेवले पाहिजे. दलदलीजवळ ताप अधिक येतो हे निरीक्षण खरे होते, केवळ मधला दुवा सापडला नव्हता. कॉलऱ्याच्या बाबतीत तो दुवा पाण्याचा आहे हे १८५४ मध्ये लंडनच्या जॉन स्नो याने एका पंपाच्या आधारे दाखविले, आणि १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तळ्यांतील पाण्यात रॉबर्ट कॉख याला त्या रोगाचे जंतू आढळले. तापाचे परजीवी रक्तात असतात हे फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरान याने १८८० मध्ये अल्जीरियात पाहिले. पण रक्तात ते येतात कसे?

हे कोडे सुटले ते सिकंदराबादेत. रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर १८९५ मध्ये येथील पलटणीत होता. मग कॉलऱ्याच्या साथीसाठी त्याला बंगळूरला पाठवले गेले आणि तेथे गटारे व विहिरी यांची व्यवस्था लावण्यात त्याचा बराच काळ गेला. म्हणजे जुन्या गोव्याचे दोन्ही शत्रू या एकाच माणसाच्या वाट्याला आले! १८९७ मध्ये उटीजवळच्या सिगूर घाटात त्याला स्वतःलाही मलेरियाने गाठले. मेलेला डास पाण्यात पडतो आणि ते पाणी प्यायल्याने ताप येत असावा, अशी त्याच्या गुरूची, मॅन्सनची, कल्पना होती. रॉसही बराच काळ तिच्याच मागे लागलेला होता. सिकंदराबादेला परत आल्यावर त्याने हुसेन खान नावाच्या रोग्याला चावा घेणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा देण्याचे कबूल केले. १६ ऑगस्टला ठिपकेदार पंखांच्या डासांनी हुसेन खानाचे रक्त पिले, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी बेगमपेठच्या उकाड्यात, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेल्या रॉसला त्यांतील एका डासाच्या जठराच्या भिंतीवर काळसर कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. परजीवी डासाच्या शरीरात वाढतात याचा तो पहिला पुरावा होय. पुढच्या वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून त्याने डासाच्या लाळग्रंथीपर्यंतचा मार्ग दाखविला, इटालियन संशोधकांनी मानवी मलेरियाचे चक्र पूर्ण केले आणि १९०२ मध्ये रॉसला नोबेल पारितोषिक मिळाले. बेगमपेठची ती इमारत आजही आहे. बसने रोज तिच्यावरून जाणारे आपल्यापैकी किती जण आत डोकावले असतील, हे विचारून मी कोणाला संकोचात टाकणार नाही.

ही गुरुकिल्ली हाती घेऊन आपण पुन्हा मांडवीकाठी जाऊ. त्या भागात पावसाळ्यात तीनशे सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जमीन जांभ्या दगडाची, म्हणजे सच्छिद्र. घरांच्या परसांत विहीर आणि जवळच शौचकूप असा प्रकार असला की पावसाचे पाणी एकातील घाण दुसऱ्यात नेऊन सोडणारच. दाट वस्तीत मोडशी घरोघर पोहोचली ती अशी. आता ताप. करमळीचे मोठे तळे, भातखाचरे, खाजण जमिनी, बागांतील टाकी, उघड्या विहिरी, डासाला आणखी काय पाहिजे? माणसाचे रक्त घेतल्यापासून सुमारे दहा ते चौदा दिवसांत त्याच्या अंगातील परजीवी पुढच्या माणसाला देण्याजोगे तयार होतात. आसपासच्या खेड्यांतील मुले लहानपणीच ताप सोसत. त्यांतून जी जगत त्यांच्या अंगी थोडीफार प्रतिकारशक्ती येई. लिस्बनहून जहाजातून उतरलेल्या तरुण सैनिकाजवळ ती मुळीच नसे. दरवर्षी असे शेकडो नवे, कोरे करकरीत रक्त शहरात येत होते.

आणि यातला सर्वांत क्रूर भाग माझ्या मते पुढेच आहे. शहर सोडल्याने शहर अधिक रोगट होत गेले असले पाहिजे. भरल्या घरातील विहिरीचे पाणी रोज उपसले जाते, अंगण झाडले जाते, पन्हळ साफ होते. घर सोडले की विहीर साचते, छत पडते, तळघरात पावसाचे पाणी उभे राहते, अंगणात झाडोरा माजतो. प्रत्येक सोडलेले घर शेजारच्या घरासाठी डासांचे कोठार बनते, मग शेजारीही जातो. १७७७ चे मजूर नेमके अशा ढिगाऱ्यांत कामाला लावले गेले होते. (रिकाम्या घराचीच गोष्ट कशाला? एका वसतिगृहाच्या गच्चीवरील झाकण तुटलेल्या टाकीत मी स्वतः वळवळणाऱ्या अळ्या पाहिल्या आहेत. वर्गात त्याच आठवड्यात तिघे तापाने गैरहजर होते.)

बरे, पणजीची तरी हवा कोठे निराळी होती? नदी तीच, पाऊस तोच, आणि जागा तर मूळची खोलगट, पाणथळ. फरक पडला तो कामाने. १८२७ ते १८३५ या काळातील व्हाइसरॉय दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु याने तेथील दलदली भरून काढल्या, उंचवटे सपाट केले, सरळ रस्ते आखले. डासाचे नावही त्याच्या मनात नव्हते, तो वाईट हवाच हटवीत होता. पण डबकी बुजली ती बुजलीच. चुकीच्या कारणासाठी योग्य काम झाले. मला तर वाटते की, मांडवीच्या वरच्या काठी हेच काम दीडशे वर्षे आधी झाले असते, तर राजधानी हलवण्याची वेळ कदाचित आली नसती. अर्थात विहिरींचे पाणी शुद्ध करण्याचा उपाय तेव्हा कोणाजवळच नव्हता.

त्या विद्यार्थिनीला सांगायचे राहिलेले उत्तर ते हे. घरे तेथेच होती. बाँ जेझूच्या भोवतीची हिरवळ, से कॅथेड्रलसमोरचे मोकळे पटांगण, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माडांची बने, या सगळ्या जागी गल्ल्या, दुकाने आणि परसांतल्या विहिरी होत्या. सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्याचा दर्शनी भाग १९३१ मध्ये ढासळला, त्याचा उरलेला उंच सांगाडा अजून टेकडीवर उभा आहे. १९८६ मध्ये तेथील चर्च आणि मठ जागतिक वारशाच्या यादीत गेले. ३ डिसेंबरला झेवियरच्या फेस्तासाठी हजारो माणसे येतात, मेणबत्त्या आणि चण्यांची दुकाने लागतात, आणि काही दिवस ते पुन्हा शहर वाटते. सायंकाळ झाली की सगळे पणजीच्या बसला गर्दी करतात.